एबीसीडीनं नव्हे, गल्लीनं! आमच्या पिग्मी ॲपच्या डिझाईन टीमचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार, आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांनी इथूनच परत जायला हरकत नाही. एक स्टार कशाचा कापलाय ते खाली येतंय.

बेळगावात एका लहान क्रेडिट सोसायटीचा मी सेक्रेटरी. शहरात मेन शाखा, खानापूरला एक, आणि तिथून जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला फिरणारा एक एजंट, असे मिळून पिग्मी गोळा करणारे ११ जण आमच्याकडे आहेत. त्यांच्या मोबाईलमधलं कलेक्शनचं ॲप नीट करून घ्यायला आम्ही टिळकवाडीतली एक यूएक्स डिझाईनची, म्हणजे ॲप वापरायला सोपं करून देणारी, टीम लावली. माणसं तीनच, एक लीड सर, एक स्क्रीन काढणारा मुलगा आणि एक रिसर्चवाल्या ताई. नाव लिहीत नाही कारण तक्रारीपण करणार आहे आणि गाव एवढंसं, संध्याकाळी कुठं ना कुठं गाठ पडतेच.

पिग्मी म्हणजे काय हे आपल्याकडच्यांना सांगायला नको, खरं पुण्यामुंबईचे कोण वाचत असतील तर त्यांच्यासाठी, एजंट रोज दुकानात येतो, ५० नाहीतर १०० रुपये घेऊन पावती देऊन जातो, मुदत संपली की व्याजासकट परत. १९२८ साली उडुपीत, जी बँक पुढं सिंडिकेट बँक झाली तिनं हे काढलं, तिचे एक संस्थापक टी. एम. ए. पै यांच्या डोक्यातून निघालेलं, दारोदार जाऊन रोज दोन-दोन आणे. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पिग्मी मात्र गणपत गल्लीत अजून रोज सकाळी ११ वाजता हजर.

आमचं जुनं ॲप सोसायटीच्या सॉफ्टवेअरबरोबर त्याच सॉफ्टवेअरवाल्यानं फुकट दिलेलं होतं, आणि फुकटचं कसं असतंय ते माहितीच आहे. उघडलं की गिऱ्हाइकांची यादी, इंग्रजीत, एबीसीडीनं. नाव शोधा, दाबा, रक्कम टाईप करा, सबमिट दाबा, आणि सबमिटला चिकटून कॅन्सल, दोन्ही करड्या रंगाचे. मग पुन्हा एकदा विचारणार, नक्की का म्हणून, सगळे न वाचताच होय दाबणार. आणि रोज संध्याकाळी कॅश जुळवताना कुणाचे ना कुणाचे ४५० रुपये कमी. का तर ५० च्या ऐवजी ५०० पडलेले, एक शून्य जास्त. मग फोन लाव, दुकानदाराला पावती शोधायला सांग, तो म्हणणार पावती कागदात गुंडाळून कुठं गेली की. कॅशियर रात्री नऊपर्यंत बसायचा आणि शिव्या मी खायचो.

म्हणून टीमला बोलावलं तेव्हा माझी अपेक्षा सरळ होती, आठ-दहा नवीन स्क्रीन काढून द्या, रंग बरे लावा, बटण मोठी करा, झालं. पहिल्या मीटिंगला लीड सरांनी लॅपटॉपच उघडला नाही. फळ्यावर दोन चौकटी तिरक्या काढल्या एकमेकींना चिकटून आणि सांगायला लागले, ह्याला डबल डायमंड म्हणतात, ब्रिटनच्या डिझाईन कौन्सिलनं मांडलेली पद्धत, आधी प्रश्न पसरवायचा, मग नेमका करायचा, मग उत्तरं पसरवायची, मग त्यातलं एक पक्कं करायचं. आमचे चेअरमन शांतपणे ऐकत होते, शेवटी म्हणाले, "म्हणजे दोन शंकरपाळ्या. पहिल्या शंकरपाळीत तुम्ही स्क्रीन काढणार नाही, खरं बिल लावणार." सर हसले आणि हो म्हणाले. मला त्यांचं तेच आवडलं, गोल गोल बोलले नाहीत. पहिले तीन आठवडे स्क्रीन नाही, एजंटांबरोबर फिरणार, हे लेखी दिलं. पैसे ४० टक्के आधी, ३० नमुना हातात आल्यावर, ३० शेवटी.

खरं सांगतो, त्या तीन आठवड्यांचे पैसे द्यायला माझा जीव वर आला होता. फिरायला काय लागतंय, आम्ही रोजच फिरतोय की.

तर ताईंनी निवडले आमचे सगळ्यात जुने एजंट. त्यांना अख्खा बाजार मामा म्हणतो म्हणून मीपण इथं मामाच म्हणतो. मारुती गल्ली, गणपत गल्ली, रामदेव गल्ली, खडे बाजार अशी त्यांची लाईन, दिवसाला नव्वदेक दुकानं. ताई चार दिवस त्यांच्या मागं मागं, पहिल्या दिवशी प्रश्नच विचारले नाहीत म्हणे, नुसतं बघितलं आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी पण गेलो, बघूया तरी काय करतात म्हणून. मामा दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे, डाव्या हातात नोटा, बगलेत बॅग, उजव्या हातात मोबाईल, खांद्याला प्रिंटर लटकलेला, म्हणजे स्क्रीनवर चालणार काय तर उजव्या हाताचा अंगठा, एवढंच. दुकानदार गिऱ्हाइकाला साडी दाखवता दाखवता न बघताच पन्नासची नोट पुढं करतोय. आणि मामा नोट घेऊन ॲपमध्ये काहीच न करता पुढच्या दुकानाकडं!

चार दुकानं झाली, मग एका कट्ट्यावर बसून खिशातनं एक लांबट वही काढली. वहीत गल्लीप्रमाणं दुकानं, उजवी बाजू, डावी बाजू, प्रत्येकापुढं आकडा टिक केलेला. मग वहीत बघून चारही जणांच्या एंट्र्या ॲपमध्ये एकदम मारल्या, चार पावत्या काढल्या आणि परत फिरून दुकानात वाटल्या. मी सहा वर्षं सेक्रेटरी आहे आणि मला हे माहीतच नव्हतं. ताईंनी विचारलं, मामा, तिथंच का नाही करत, तर मामा म्हणाले,

"मी गल्लीनं जातोय की ताई, एबीसीडीनं कुठं जातोय? नाव हुडकत बसलो तर गिऱ्हाईक आत येतंय आणि दुकानदार मला उद्या या म्हणतोय."

जास्तीचं शून्य कुठनं येत होतं तेपण तिथंच कळलं. चार-चार एंट्र्या घाईत बसून मारल्या की अंगठा दोनदा पडतो. आम्ही तीन वर्षं एजंटांना काळजीपूर्वक टाईप करा म्हणून नोटिसा काढत होतो.

बाकीच्या दहापैकी सात जणांकडं अशीच वही निघाली. एकाकडं तर जुन्या पिग्मी कार्डांचा गठ्ठा, लाईनीप्रमाणं लावून रबर मारलेला. टीमनं ह्या सगळ्यांचे फोटो काढून ऑफिसच्या भिंतीवर लावले, पिवळ्या गुलाबी चिठ्ठ्या डकवल्या, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आम्हाला बोलावून एकच वाक्य दाखवलं, यादी लाईनीप्रमाणं पाहिजे आणि ठरलेली रक्कम टाईप करायला लागू नये. चेअरमन माझ्याकडं बघायला लागले, एवढ्यासाठी तीन आठवडे? मी गप्प बसलो, कारण मी ती वही बघितली होती.

त्याच वेळी त्यांनी एक पर्सोना नावाचा प्रकारपण केला, म्हणजे नमुन्याचा एजंट, वय, सवयी, अडचणी आणि कुठल्यातरी हसऱ्या माणसाचा इंटरनेटवरचा फोटो, मोठ्ठं पोस्टर. हे मला अजून पटलेलं नाही. लाखभर गिऱ्हाइकं असतील तर ठीक आहे, आमचे एजंट ११, हाक मारली तर चहा प्यायला येतात, त्यांचं चित्र कशाला काढायचं? पोस्टर आमच्या स्ट्राँगरूमच्या दाराला टेकवून ठेवलंय, पाहिजे असेल तर घेऊन जावा.

स्क्रीन सुरू झाल्या त्यापण कागदावर. हा भाग बघण्यासारखा होता. कांदा मार्केटजवळच्या चहाच्या गाड्यावर तो मुलगा मोबाईलएवढे कागद कापून घेऊन बसला, पेन्सिलीनं काढलेल्या स्क्रीन, मामांनी बोटानं दाबलं की हा वरचा कागद काढून पुढचा ठेवणार, म्हणजे मुलगाच मोबाईल. ताई म्हणाल्या, मामा, मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. मामा म्हणाले, मनात तर चहाचं बिल कोण देणार ते चाललंय. मग लागले बोलायला, "हे माझं दुकान, हे त्याच्या शेजारचं, बरोबर हाय, आता पन्नास... दाबलो." आणि दाबलं कुठं, तर नावावर. बाजूला मुलानं केवढं छान हिरवं बटण काढलं होतं, त्यावर ५० लिहिलेलं, त्याच्याकडं बघितलंच नाही. दुसऱ्या एजंटानंपण नावावरच दाबलं. तिसऱ्यानंपण. मुलाचं तोंड उतरलं, खरं त्यानं वाद घातला नाही, तिथंच खोडरबर काढून बटण पुसलं आणि अख्खी ओळच दाबायची केली. जे कागदावर दोन मिनिटांत पुसलं ते ॲपमध्ये झालं असतं तर सॉफ्टवेअरवाल्यानं त्याचं वेगळं बिल लावलं असतं, हे गणित मला लगेच समजलं.

पाचच एजंटांवर टेस्ट केली म्हणून मी जरा कुरकुर केली. तर सरांनी सांगितलं की याकोब नील्सन म्हणून ह्या विषयातला मोठा माणूस आहे, त्यानं २००० साली लिहून ठेवलंय, पाच माणसांत साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात, सगळ्यांवर एकदाच टेस्ट करून पैसे घालवण्यापेक्षा पाचांवर करा, दुरुस्त करा, परत दुसऱ्या पाचांवर करा. आमचंही तसंच झालं, दुसऱ्या फेरीत नवीनच गोष्ट निघाली. मुलानं गिऱ्हाइकाचा खाते नंबर फिकट करड्या रंगात लिहिलेला, ऑफिसात झकास दिसत होता. दुपारी एक वाजता खडे बाजारात उन्हात धरला तर नुसती कोरी काच. अक्षर आणि मागचा रंग ह्यात कमीत कमी साडेचारास एक एवढा फरक पाहिजे असा जागतिक नियम आहे म्हणे, तो नियम मुलाला पाठ होता आणि तरी त्यानं फिकट केलंच होतं. मग सातच्या वर नेला. तसंच बटणाचं, अँड्रॉईडचा हिशेब साधारण ९ मिलिमीटरचा, मामांच्या अंगठ्याला तोपण कमी पडला, आणखी वाढवला, आणि रोजचं सगळं दाबायचं स्क्रीनच्या खालच्या अर्ध्यात आणलं, कारण एका हाताचा अंगठा वर पोचत नाही.

आता शून्याचं. दुकान आलं की ओळ दाबायची, ठरलेली ५० ची रक्कम आपोआप पडते, मोबाईल एकदा थरथरतो, पावती बाहेर. रक्कम वेगळी असेल तर ओळ दाबून धरायची, आकडे टाकायचे, आणि वर मोठ्या अक्षरात "पाचशे रुपये" असं शब्दांत येतं. शब्द बघितला की माणूस थबकतो, ५०० बघून थबकत नाही, हे त्यांनी आमच्या समोर करून दाखवलं. ह्यावरून माझं आणि सरांचं वाजलंपण. त्यांना पाहिजे होतं की चुकलं तर एजंटाला मागं घेता यावं. मी म्हटलं, हा पैशाचा धंदा आहे, एजंटानं दुकानात पावती दाखवून बाहेर येऊन एंट्री काढली तर? ऑडिटरला मी काय सांगू? दोन तास गेले. शेवटी असं ठरलं की पावती प्रिंट होईपर्यंत दुरुस्त करता येईल, प्रिंट झाली की फक्त शाखेतनं, उलटी एंट्री टाकून. मला वाटतं ह्या अख्ख्या कामातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो काय त्यांचा एकट्यांचा नव्हता आणि माझापण नव्हता.

भाषेचं लिहायलाच पाहिजे. आपल्या गावात भाषेचा विषय निघाला की मीटिंग १९५६ पासून सुरू होते, आमच्या संचालक मंडळातपण झालीच, ॲप मराठीत की कन्नडमध्ये, आधी काय, खाली काय, बाहेरच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे म्हणून आत्ताच खर्च झालाय वगैरे. टीम त्यात पडलीच नाही. त्यांच्याकडं नोंद होती की मामा एका दुकानात मराठी, पुढच्यात कन्नड, त्याच्या पुढच्यात उर्दूमिश्रित काहीतरी बोलतात आणि हिशेब मात्र सगळीकडं इंग्रजी आकड्यांत. म्हणून स्क्रीनची भाषा एजंट निवडणार, पावतीची भाषा गिऱ्हाइकाच्या खात्याला जोडलेली, आणि आकडे सगळीकडं इंग्रजी. संचालकांना भांडायला जागाच उरली नाही, चहा पिऊन घरी गेले. पहिल्या मसुद्यात मात्र "आपला व्यवहार यशस्वीरीत्या सादर झाला आहे" असली वाक्यं होती, असं कोण बोलतंय? मामांनी वाचलं आणि विचारलं, म्हणजे पैसे जमा झाले काय नाही? तर आता तिथं "पैसे जमा" एवढंच येतं, आणि कन्नडमध्ये "हण जमा". कन्नडची जोडाक्षरं खाली लोंबतात आणि आपल्या वेलांट्या वर जातात, जुन्या ॲपमध्ये दोन्ही कापली जायची, ह्यांनी ओळींमधली जागा वाढवून ते निस्तरलं. बारीक काम आहे, पण रोज बघायला बरं वाटतं.

जांबोटीला ताई आणि मुलगा बसनं गेले. तिकडं रेंज नसते तेव्हा जुनं ॲप नुसतं गोल गोल फिरत राहायचं. आता रेंज नसली तरी एंट्री पडते, पावती निघते, वर पिवळ्या पट्टीत "पाठवायचे बाकी ७" असं दिसत राहतं, रेंज आली की पट्टी जाते. तिकडचा एजंट जास्त बोलत नाही, एवढंच म्हणाला, "आता कणकुंबीत पण चालतंय की हे."

शेवटी मार्क द्यायचा एक फॉर्म असतो त्यांचा, जॉन ब्रुक नावाच्या माणसानं १९८६ साली केलेला, दहा प्रश्न, एक ते पाच मार्क. गंमत म्हणजे त्यातले पाच प्रश्न सुलटे आणि पाच उलटे. मामांना ॲप आवडलेलं, त्यांनी प्रेमानं दहाही प्रश्नांना ५ मारले, आणि स्कोअर आला ५०, म्हणजे नापासच्या जवळपास, कारण साधारण ॲपला ६८ पडतात म्हणे. ताईंनी परत बसवून एकेक प्रश्न मराठीत समजावून भरून घेतला, तेव्हा कुठं मामा पास झाले.

आता कापलेला स्टार. आठ आठवडे सांगितले, लागले अकरा, आणि त्यातले दोन पूर्ण फुकट गेले. सगळं डिझाईन फायनल झालं, फाईल सॉफ्टवेअरवाल्याकडं दिली, तो दोन दिवसांनी फोन करून म्हणतो, लाईनीप्रमाणं यादी लावायची तर लाईन नंबर पाहिजे, आमच्या डेटाबेसमध्ये तसला कॉलमच नाही. झालं! ज्याच्यावर सगळी इमारत उभी तेच नाही. अहो, तीन आठवडे गल्लीबोळ फिरलात, चहावाल्याशी बोललात, मग जो हे बांधणार त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात अर्धा तास बोलायला काय झालं होतं? सरांनी मान्य केलं, आणि मीपण मान्य करतो की त्यांनी सुरुवातीला त्याचा नंबर मागितला होता आणि मी म्हटलं होतं, त्याला नंतर बघू, तो आपलाच माणूस आहे. म्हणून पूर्ण स्टार कापावा की अर्धा ह्यावर मी जरा घुटमळलो. खरं दुसरी गोष्टपण आहे. टेस्टिंग सगळं मार्च-एप्रिलमध्ये झालं. जूनमध्ये आपला पाऊस सुरू झाला, एजंटांनी मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घातले, आणि पिशवीवरनं ओळ दाबून धरायचं काही केल्या जमेना, साधं दाबणं होतंय, दाबून धरणं सुटतंय. बेळगावात काम करणाऱ्या माणसाला पाऊस आठवू नये? फोन केल्यावर आले, पैसे न घेता आले हे खरं आहे, दाबून धरण्याच्या जागी ओळीच्या टोकाला एक चौकोन दिला, आता पिशवीतनंपण चालतं. प्रिंटरचा कागद भिजतो त्याला मात्र त्यांच्याकडंपण उपाय नाही.

कॅशियर सध्या साडेसातला घरी जातो. मामा आता दुकानात उभ्या उभ्याच पावती देतात, वही खिशात असतेच, म्हणाले मोबाईलची बॅटरी काय सांगून जात नाही.

कुणाला घ्यायचे असतील तर घ्या, पण पहिले तीन आठवडे हातात काही पडणार नाही ह्याची तयारी ठेवा आणि तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला पहिल्याच मीटिंगला खुर्ची टाकून बसवा. आम्ही कर्जवसुलीच्या स्क्रीनसाठी परत कोटेशन मागितलंय. पर्सोना वगळून.